जप्ती झाली, लिलाव व्हायचा आहे: एका काजू कारखान्याचे प्रकरण

वेंगुर्ला तालुक्यातला एक लहान काजू कारखाना. बॉयलर, कटरची बाकडी, ड्रायर, गर सोलायला येणाऱ्या गावातल्याच पंधरा-सोळा बायका आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये काजू बीची पोती. मालकाला सगळे भाई म्हणतात, इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे थोडे सरळ केले आहेत. घटनांचा क्रम मात्र हलवलेला नाही, कारण या प्रकरणात काय आधी झाले आणि काय नंतर, यावरच सगळे ठरले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाईंचा फोन आला. "वकिलानू, बेलीफ इलो हा. मशिनी उचलून नेतलो म्हणता." पाऊस नुकताच लागला होता. मी त्यांना एवढेच सांगितले: दार अडवू नका, आवाज चढवू नका, वॉरंट हातात घेऊन त्यावरची तारीख आणि रक्कम मला वाचून दाखवा.

वॉरंट खरे होते. कोर्टाचा शिक्का, दरखास्तीचा (वसुलीसाठी वादीने कोर्टात केलेल्या अर्जाचा) नंबर, रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावायचे ती मुदत, सगळे जागच्या जागी. हे तपासून घेणे म्हणजे उगाच शंका काढणे नव्हे. आपल्याकडे फायनान्स कंपनीचा वसुली एजंटही स्वतःला "कोर्टाचा माणूस" म्हणवतो. त्याच्याकडे वॉरंट नसते, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय घरात शिरून सामान उचलण्याचा त्याला काडीचाही अधिकार नसतो. पतसंस्थेचा वसुली अधिकारी वेगळा. त्याच्यामागे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला असतो आणि तो नियम 107 प्रमाणे जप्ती करू शकतो. बेलीफ आणखी वेगळा: तो दिवाणी कोर्टाच्या नाझराकडून (कोर्टाची वॉरंटे बजावणाऱ्या विभागाच्या प्रमुखाकडून) येतो, वादीने भत्ता भरलेला असतो आणि माल दाखवायला वादीचा माणूस सोबत असतो. कोण दारात उभा आहे हे कळले की पुढचे निम्मे सोपे होते.

आता भाईंच्या देण्याचे. फर्म मालकी हक्काची, म्हणजे फर्म आणि भाई कायद्याच्या नजरेत एकच. एकूण देणे 41 लाखांच्या घरात. त्यात बँकेचे 17 लाख, बॉयलर, कटर आणि ग्रेडिंगची यंत्रे तारण. बी पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचे 11 लाख 40 हजार. पतसंस्थेचे 6 लाख, दोन जामीनदारांवर, त्यातला एक सख्खा चुलतभाऊ. हातउसने चारेक लाख. उरलेले जीएसटी, वीजबिल आणि बायकांची थकलेली मजुरी.

काजूच्या धंद्यात बीची वर्षाची खरेदी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उरकावी लागते. भाईंनी एका हंगामात चढ्या भावाने, बहुतेक उधारीवर, शेड भरेपर्यंत बी घेतली. नंतर गराचे भाव उतरले. आफ्रिकेतून येणाऱ्या बीवर चालणारे मोठे कारखाने ज्या दराने गर विकत होते, त्या दरात भाईंना बीचाच खर्च निघत नव्हता. व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आला. व्यापाऱ्याने दोन्ही वाटा धरल्या: एकीकडे चेक न वटल्याचा फौजदारी खटला, दुसरीकडे दिवाणी कोर्टात समरी दावा, म्हणजे झटपट चालणारा पैशांचा दावा. समरी दाव्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी लावावी लागते, नाहीतर हुकूमनामा, म्हणजे पैसे द्यायचा कोर्टाचा निकाल, होऊन जातो. भाई गेलेच नाहीत. "पैसे देणं लागतंय ते खरंच आहे, मग कोर्टात जाऊन काय सांगायचं?" हे त्यांचे म्हणणे. कोकणातली प्रामाणिक माणसे असेच बोलतात आणि त्यापायी हप्ते बांधून मागायची सगळ्यात सोपी संधी घालवतात. दावा चालू असताना कोर्ट हुकूमनाम्यातच हप्ते बांधून देऊ शकते. हुकूमनामा झाल्यावर मात्र हप्त्यांसाठी वादीची संमती लागते, आणि तोवर वादीचे डोके तापलेले असते.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. हुकूमनाम्यानंतर, एप्रिलमध्ये, भाईंनी व्यापाऱ्याच्या मुनिमाला 40 हजार रोख दिले होते. पावती नाही. हुकूमनाम्याची रक्कम कोर्टाबाहेर दिली तर तशी नोंद कोर्टात करून घ्यावी लागते. वादीने केली नाही तर आपण तीस दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. तो दिला नाही तर अंमलबजावणी करणारे कोर्ट त्या पैशांकडे बघतही नाही. ते 40 हजार हिशेबातून गेले ते गेलेच.

बेलीफाने यादी केली: काजूगराचे दहा किलोचे 70 डबे, बीची 85 पोती, ड्रायर, इलेक्ट्रॉनिक काटा, बँकेला तारण असलेली यंत्रे आणि एक व्हॅक्यूम पॅकिंग मशीन. मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा वहिनी पदराआड मंगळसूत्र घट्ट धरून बसल्या होत्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की बेलीफ गळ्यातले काढून घेतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जप्तीतून काय वगळायचे ते स्पष्ट लिहिले आहे: घरच्यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. मंगळसूत्र त्यात सरळ बसते. टीव्ही, फ्रिज, सोफा बसत नाही. राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी शिरता येत नाही, हेही त्याच संहितेत आहे. बेलीफ त्या दिवशी घरात गेलाच नव्हता. घर आणि शेड एकाच आवारात असल्यामुळे भीती मात्र घरभर पसरली होती.

कारागिराची हत्यारेही जप्तीतून सुटतात. गावातल्या एका जाणकाराने भाईंना सांगितले होते की याच मुद्द्यावर सगळी यंत्रे सोडवता येतील. मी तो मुद्दा ताणला नाही. भाई स्वतः सोलायला बसत नाहीत, ते बसणाऱ्यांना कामाला ठेवतात. सुताराचा रंधा आणि कारखानदाराचा बॉयलर कोर्ट एका मापाने मोजत नाही, आणि पहिल्याच तारखेला कमजोर मुद्दा घेऊन उभे राहिले की पुढच्या चांगल्या मुद्द्याकडेही संशयाने पाहिले जाते.

व्हॅक्यूम मशीनची गोष्ट निराळी. ते वहिनी ज्या बचत गटात आहेत त्या गटाचे. बिल गटाच्या नावावर, खरेदीचा ठराव गटाच्या वहीत. वहिनींनी बेलीफाला तसे सांगितले, तरी त्याने ते यादीत घेतले, आणि त्यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मालकी कोणाची हे ठरवणे त्याचे काम नाही. वहिनींनी पंचनाम्यावर हरकत लिहून सही केली, हे त्यांचे शहाणपण. पुढे गटाच्या अध्यक्षांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 नियम 58 खाली कोर्टात हरकत अर्ज दिला आणि मशीन सुटले. बँकेनेही तारणाचे कागद लावून आपली हरकत नोंदवली.

पंचनाम्याची प्रत हातात होती, डबे आणि पोती मोजून लिहिलेली होती. जड सामान आणि पोती शेडमध्येच ठेवून, कुलूप लावून, गावातल्याच एका प्रतिष्ठित माणसाकडे सुपुर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळायची जबाबदारी लिहून घेऊन, दिली होती. गराचे डबे तेवढे बेलीफाने नेले.

त्या रात्रीचे बोलणे या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग. भाईंचे मेहुणे भाईंचाच टेम्पो घेऊन आले होते. बेत असा होता की टेम्पो (तो यादीत आला नव्हता, कारण त्या दिवशी तो कुडाळला होता) मेहुण्यांच्या नावावर करायचा, काटा आणि ड्रायर रातोरात मामाच्या खळ्यात हलवायचे आणि कुलूप तुटले म्हणून पोलिसात तक्रार द्यायची. "उद्या सगळां नेल्यानी तर आमी खावचा काय?" मेहुण्यांनी विचारले. प्रश्न खोटा नव्हता.

मी त्यांना जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो, कारण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच प्रकरणांचा सत्यानाश याच रात्री होतो. जप्त झालेली वस्तू हलवली की सुपुर्तनामा घेणारा बिचारा शेजारी अडकतो आणि भाईंवर फौजदारी गुन्हा लागतो. जप्तीनंतर केलेले खासगी हस्तांतर जप्ती करणाऱ्या धनकोपुरते निरर्थक ठरते, म्हणजे त्याचा उपयोगही नाही. टेम्पो जप्त नव्हता, तरी तो मेहुण्यांना फुकट लिहून दिला आणि पुढे नादारी झाली, म्हणजे कोर्टाने दिवाळखोर जाहीर केले, तर मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार रिसीव्हर (नादाराची मालमत्ता ताब्यात घेऊन विकायला कोर्टाने नेमलेला माणूस) मोडून काढू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नादारीत माणसाच्या हातात एकच भांडवल उरते, ते म्हणजे त्याने काही लपवले नाही ही गोष्ट. मालमत्ता लपवणे, खोट्या वह्या ठेवणे याला नादारी कायद्यातच एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे.

मेहुणे रागावून गेले. दोन दिवसांनी टेम्पोची कागदपत्रे त्यांच्या नावावर व्हायला आरटीओकडे गेलेली निघाली. म्हणजे माझे कोणी ऐकले नव्हते. पुढे तो व्यवहार रद्द करून घ्यावा लागला. टेम्पो गेला आणि घरातले बोलणेही काही महिने बंद राहिले.

नादारीचा विचार भाईंच्या डोक्यात आधी नव्हताच. "दिवाळं वाजवलं म्हणतले लोक." त्यांच्या सीएने एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, जायला सांगितले होते, आणि इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. मालकी हक्काची फर्म चालवणारा साधा माणूस त्यात येत नाही. अगदी गरीब ऋणकोंना नव्याने सुरुवात करून देणारी तरतूदही त्या संहितेत छापलेली आहे, अमलात आलेली नाही. त्यामुळे मुंबई शहराबाहेर, आमच्या सिंधुदुर्गातसुद्धा, अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. अर्ज ओरोसच्या जिल्हा न्यायालयात. हा कायदा इतका जुना आहे की अर्ज करण्यासाठी देणे किमान 500 रुपये असले म्हणजे पुरते. आजकाल तेवढ्यात सुरमईची थाळीसुद्धा येत नाही काही ठिकाणी.

जुना असला तरी त्याची रचना पक्की आहे. देणे फेडता येत नाही हे तर हवेच. त्याशिवाय देणे निदान 500 आहे, किंवा हुकूमनाम्यापोटी अटक झाली आहे, किंवा जप्तीचा हुकूम अस्तित्वात आहे, यातले एक असले तरी ऋणको (देणेकरी) स्वतः अर्ज करू शकतो. म्हणजे ज्या जप्तीने भाई घाबरले होते, ती जप्तीच अर्जाला कारण म्हणून दाखवता येत होती.

पण अर्ज करावा का, हा प्रश्न वेगळा. आधी मी व्यापाऱ्याच्या वकिलांशी बोललो. त्यांची अट अशी: तीन लाख आत्ता रोख, बाकी दहा महिन्यांत. भाई तीन लाख उभे करायला निघाले, आणि मधे दोन आठवडे गेले. वाटेत एका खासगी सावकाराने महिन्याला पाच टक्क्यांनी पैसे देऊ केले, बागेचे साठेखत करून मागितले. त्याच्याकडे परवाना नव्हता. परवाना नसताना सावकारी करणे 2014 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारातून बळकावलेली जमीन परत मिळवण्याचा मार्गही त्यात आहे. पण तो मार्ग वर्षानुवर्षांचा. एक देणे फेडायला त्याहून वाईट देणे डोक्यावर घेऊ नका, असे वहिनींनीच ठामपणे सांगितले आणि तो विषय संपला.

याच दोन आठवड्यांत गराचा निकाल लागला. काजूगर पावसाळी हवेत ओल धरतो, डबा नीट बंद नसेल तर महिन्यात मऊ पडतो. वादीने अर्ज दिला की माल नाशवंत आहे, ताबडतोब विकावा. तशी तरतूद आहे, कोर्टाने परवानगी दिली, आणि जूनच्या शेवटी 70 डबे 2 लाख 90 हजारांना गेले. खुल्या बाजारात चार लाखांच्या पुढे सहज गेले असते. लिलावात माल पडेल भावानेच जातो, त्यात कोणाचा कट असतो असे नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ओरोसला अर्ज दाखल झाला. सोबत प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता, रक्कम. प्रत्येक मालमत्ता, तिची अंदाजी किंमत, ती कुठे आहे. आणि ती सगळी कोर्टाच्या स्वाधीन करायची तयारी आहे असे निवेदन. चुलतभावाचे, मेहुण्यांचे, अगदी वहिनींच्या मावशीचे हातउसने पैसेही यादीत घातले. भाईंना त्याची लाज वाटत होती. पण यादीतून एक नाव वगळले की सगळा अर्जच संशयास्पद होतो.

जुलैच्या मध्यावर अर्ज दाखल करून घेण्याचा हुकूम झाला. बीची पोती, ड्रायर आणि काट्याचा लिलाव त्या महिन्याच्या अखेरीला ठेवलेला होता. प्रांतिक कायद्याची कलमे 51 आणि 52 इथे कामाला आली. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत जी मालमत्ता नादारीचा अर्ज दाखल करून घेण्यापूर्वी विकून पैसा झाली, तो पैसा जप्ती करणाऱ्या धनकोचा. जी अजून विकायची राहिली आहे, तिच्यावर त्याचा वेगळा हक्क उरत नाही. लिलाव करणाऱ्या कोर्टाला नादारीच्या अर्जाची सूचना मिळाली आणि तसा अर्ज दिला, की ताब्यातला माल रिसीव्हरकडे सोपवावा लागतो. धनकोला त्यातून दाव्याचा आणि अंमलबजावणीचा खर्च मात्र पहिल्यांदा मिळतो.

म्हणून गराचे 2 लाख 90 हजार व्यापाऱ्याकडे गेले आणि 85 पोती सगळ्या धनकोंच्या सामाईक खात्यात आली. दोन्ही माल एकाच दुपारी, एकाच पंचनाम्यावर जप्त झाला होता. फरक पडला तो मधल्या दोन आठवड्यांनी. लोक जप्तीलाच शेवट समजतात आणि जप्तीच्या दिवशी हातपाय गाळतात. मालकी त्या दिवशी जात नाही. ती जाते लिलावात बोली पक्की होते तेव्हा, आणि जंगम मालाच्या लिलावाची जाहिरात लागल्यापासून निदान सात दिवस तरी मधे असतात. बोली पक्की होण्याआधी पूर्ण रक्कम आणि खर्च भरला तरी लिलाव थांबतो. नाशवंत माल तेवढा या घड्याळाबाहेर.

ओरोसच्या सुनावणीत व्यापाऱ्याच्या वकिलांनी म्हटले की हा अर्ज म्हणजे लिलाव चुकवायची युक्ती आहे. हा आरोप होणारच होता. ऋणकोने स्वतः केलेल्या अर्जात फेडण्याची ऐपत नाही हे प्रथमदर्शनी दाखवले तरी पुरते, आणि देणे व मालमत्तेचा तक्ता पुरेसा बोलका होता. टेम्पोचे प्रकरण आम्ही आपणहून अर्जात लिहिले होते. ते समोरच्याने शोधून काढले असते तर चित्र वेगळे दिसले असते. वकिलांनी दिवाणी कैदेचाही धाक घातला. नुसती ऐपत नाही म्हणून कोणाला कैदेत टाकता येत नाही, ऐपत असून बुडवतो आहे असे दिसावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगून ठेवले आहे. तरीही भाईंसाठी अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागून घेतला. त्यांना झोप लागण्यासाठी तरी तो हवा होता.

नादार म्हणून जाहीर झाल्यावर काय थांबले आणि काय थांबले नाही, हे भाईंना पुन्हा पुन्हा समजावावे लागले. बिनतारण धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवी कारवाई करता येईना. बँकेला मात्र कोणी अडवले नाही: तारण असलेला धनको आपल्या तारणापुरता नादारीच्या बाहेर राहतो. बँकेने रीतसर नोटीस देऊन यंत्रे ताब्यात घेतली, त्यांचे नऊ लाख आले, उरलेल्या आठ लाखांसाठी ती इतरांच्या रांगेत आली. चेकचा फौजदारी खटलाही थांबला नाही. तो स्वतंत्र चालला आणि बऱ्याच तारखांनंतर समझोत्यात मिटला.

जप्तीत हिशेबाच्या वह्या सुटतात, नादारीत नाही. त्या रिसीव्हरकडे द्याव्या लागतात, आणि भाई इथेच वाचले. वहिनींनी अकरा वर्षांच्या वह्या तारखेवार ठेवल्या होत्या: बीची आवक, बायकांची किलोवर मजुरी, गराची प्रतवारी, कोणाला किती दिले. त्याच वह्यांत अर्जाच्या आधी पाच आठवडे चुलतभावाला दिलेले दीड लाखही होते. चुलतभाऊ पतसंस्थेला जामीन होता शिवाय त्याचे स्वतःचे हातउसनेही होते. भाईंना त्याला आधी मोकळे करायचे होते. बाकीच्यांना डावलून एकाच धनकोचे भले करण्यासाठी अर्जाआधीच्या तीन महिन्यांत दिलेले पैसे रिसीव्हर परत मागू शकतो, आणि त्याने मागितले. चुलतभावाने दिले, पण वाडीतल्या गणपतीला त्या वर्षी दोन आरत्या वेगवेगळ्या झाल्या.

घराचे आणि बागेचे काय, हा प्रश्न प्रत्येक तारखेला निघे. घर आजोबांच्या नावावरचे. सातबारावर सत्तावीस नावे, त्यातली काही मुंबईची, दोन कधीच न पाहिलेली. भाईंचा हिस्सा अविभक्त. असा हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला मिळतो तो नुसता हिस्सा, त्यानंतर वाटपाचा दावा, आणि राहत्या घरातला हिस्सा घरच्यांनी विकत घ्यायचा हक्क मागितला तर तोही. रिसीव्हरने दोनदा बोली मागवली, कोणी फिरकले नाही. कोकणातला सामाईक सातबारा एरवी डोक्याला ताप असतो. इथे त्यानेच छप्पर राखले. शेवटी दोघा चुलत्यांनी मूल्यांकनाप्रमाणे थोडी रक्कम भरून तो हिस्सा सोडवून घेतला. ती रक्कम रिसीव्हरच्या खर्चातच बहुतेक संपली.

रिसीव्हरने बी ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या आधी, शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखान्याला 5 लाख 10 हजारांना दिली. ड्रायर, काटा आणि किरकोळ सामानाचे 1 लाख 60, टेम्पोचे 2 लाख 20 आणि चुलतभावाकडून आलेले दीड लाख. व्यापाऱ्याचा खर्च, रिसीव्हरचा मोबदला आणि अग्रक्रमाचा जीएसटी गेल्यावर उरलेल्यांना रुपयामागे चार आण्यांहून थोडे जास्त पडले. सोलणाऱ्या बायकांच्या मजुरीला कायद्यात अग्रक्रम आहे, पण त्याची मर्यादा 1920 च्या काळातल्या पगारावर बेतलेली. त्यामुळे बायकांनाही बाकीच्यांसारखेच चार आणे. या कायद्यातली ही एक गोष्ट मला कधीच पटलेली नाही.

नादारीतून आणि उरलेल्या देण्यातून मुक्तीच्या अर्जाच्या वेळी याच चार आण्यांनी अडचण केली. बिनतारण देण्याच्या रुपयामागे निदान पन्नास पैसे निघत नसतील, तर कोर्ट बिनशर्त मुक्ती देत नाही, मात्र ही स्थिती स्वतःच्या दोषाने आलेली नाही हे पटले तर देते. पुन्हा वहिनींच्या वह्या पुढे आल्या. कोणत्या आठवड्यात बी काय भावाने घेतली आणि गर काय भावाने गेला, हे त्यात ओळीने दिसत होते. जुगार नाही, उधळपट्टी नाही, धंदा बुडतो आहे हे कळल्यावर नवी उधारी नाही. टेम्पोचा व्यवहार कोर्टाने विसरला नाही. आदेश काही महिन्यांसाठी तहकूब ठेवून मग दिला. त्या काळात भाईंना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची होती. नादारीतून मुक्त न झालेल्या माणसाला ती लढवता येत नाही, म्हणून पॅनेलने वहिनींना उभे केले. त्या निवडून आल्या.

मुक्तीच्या आदेशाने भाई सुटले, जामीनदार सुटले नाहीत. कायद्यात तसे स्पष्टच आहे. मुक्ती ऋणकोची असते, त्याच्यासोबत बांधल्या गेलेल्यांची नव्हे. पतसंस्थेचा वसुली दाखला दोन्ही जामीनदारांवर चालू राहिला. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून तो नाद त्यांनी सोडला आणि पतसंस्थेशी हप्ते ठरवून घेतले. भाई आता सावंतवाडीजवळच्या एका कारखान्यात ग्रेडिंगवर नोकरीला आहेत. चुलतभावाच्या हप्त्यातले अर्धे पैसे ते दर महिन्याला त्याच्या खात्यावर टाकतात, बँकेतून, पावतीसकट.